रेणूला पाण्याची किती नावड? : वाचकांची प्रश्नोत्तरे

मागच्या लेखात लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे आपल्या एचपीएलसीवर, औषधी रेणूंची हायड्रोफोबिसिटी, म्हणजे पाण्याची नावड, कशी मोजतात ते थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर फार्मसीच्या मुलामुलींची पत्रं येतील अशी अपेक्षा होती, आणि ती आलीच. पण कास्तकारांची, आशाताईंची आणि हळद पिकवणाऱ्या बचत गटाचीही पत्रं आली, याचा फार आनंद झाला. विद्यार्थ्यांच्या पत्रांतून एक शंका पुन्हा पुन्हा डोकावते: तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात, एका जुन्या यंत्रावर, हे काम होईल का? होतं. मात्र यंत्र आपल्याला फक्त मिनिटं देतं, म्हणजे रेणू किती वेळाने बाहेर आला एवढंच सांगतं. त्या मिनिटांपासून लॉग पीपर्यंतचा, म्हणजे या नावडीच्या आकड्यापर्यंतचा, रस्ता आपला आपणच चालायचा असतो, आणि प्रत्येक वळणावर कोणती अट पाळली ते वहीत लिहायचं असतं. आजची बरीच उत्तरं त्या अटींबद्दलच आहेत.

लॉग पी म्हणजे नेमकं काय? त्यासाठी ऑक्टेनॉलच का घेतात? आणि कॉलममध्ये ऑक्टेनॉलचा थेंबही नसताना त्यावरून लॉग पी कसा काय निघतो? (बी.एस्सी. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, दिग्रस)

एका बाटलीत पाणी आणि ऑक्टेनॉल घ्या, त्यात थोडं औषध टाका, हलवा आणि थर वेगळे होऊ द्या. ऑक्टेनॉलच्या थरातली औषधाची तीव्रता भागिले पाण्याच्या थरातली तीव्रता, म्हणजे पी. त्याचा दहाच्या पायावरचा लॉग घेतला की लॉग पी. आकडा १ आला तर तेलकट थरात दसपट औषध, २ आला तर शंभरपट, शून्य आला तर दोन्हीकडे सारखंच. कॅफीन शून्याच्या आसपास आहे, पॅरासिटामॉल अर्ध्याच्या आसपास, तर आयबुप्रोफेन जवळजवळ ४.

हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं की भूल देणारा पदार्थ ऑलिव्ह तेलात जितका जास्त जातो तितका तो जोरकस असतो. ऑलिव्ह तेलाच्या जागी ऑक्टेनॉल रूढ झालं ते १९६० च्या दशकात, हान्श आणि फुजिता यांच्या कामामुळे. ऑक्टेनॉलला आठ कार्बनची शेपटी असते आणि टोकाला एक पाणीप्रिय गट, त्यामुळे पेशीच्या पडद्यातल्या मेदाशी त्याचं थोडं नातं जुळतं. शिवाय पाण्याशी संपर्क आला की ते बरंच पाणी पिऊन घेतं, म्हणजे तो थर कोरडं तेल राहत नाही. म्हणूनच बाटलीच्या पद्धतीत दोन्ही द्रव आधी एकमेकांनी संपृक्त करून घेतात. ही पायरी गाळली की आकडा चुकलाच म्हणून समजा.

आता कॉलम. सी-१८ कॉलममध्ये सिलिकाच्या बारीक कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि त्यांच्यामधून मेथॅनॉल-पाणी, म्हणजे मोबाइल फेज, वाहत असतं. आठवडी बाजारात प्रत्येक दुकानापाशी थांबणारा माणूस दुसऱ्या टोकाला उशिरा पोचतो, तसा साखळ्यांपाशी रेंगाळणारा रेणू उशिरा बाहेर येतो. किती रेंगाळला हे सांगणारा आकडा म्हणजे के: रेणूच्या वेळेतून रिकाम्या कॉलमची वेळ (कुठेच न थांबणाऱ्या रेणूला लागते ती) वजा करायची आणि उरलेल्याला रिकाम्या कॉलमच्या वेळेने भागायचं. ज्यांचे लॉग पी माहीत आहेत असे रेणू कॉलममधून सोडले की त्यांचे लॉग के आणि लॉग पी बऱ्यापैकी एका रेषेत बसतात. त्या रेषेवरून अज्ञात रेणूचा लॉग पी वाचायचा.

इथे "बऱ्यापैकी" हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. ऑक्टेनॉल हायड्रोजन बंध करतं, सी-१८ची साखळी करत नाही. म्हणून फिनॉलसारखा, हायड्रोजन पुढे करणारा रेणू ऑक्टेनॉलमध्ये सुखाने राहतो, पण कॉलममधून त्याच्या लॉग पीच्या मानाने लवकर सटकतो. दोन मोजमापं एकमेकांच्या जवळची आहेत, पण एक नाहीत. कॉलमवरचा आकडा लिहिताना तो कॉलमवरचा आहे हे नोंदवायचं ते याचसाठी.

माझ्याकडे एकच पंप असलेलं एचपीएलसी, एक सी-१८ कॉलम आणि यूव्ही डिटेक्टर आहे. आम्ही बनवलेल्या नवीन रेणूंचा लॉग पी मोजायचा आहे. गाइड म्हणतात, सॉफ्टवेअरने काढा आणि मोकळे व्हा. (एम.फार्म.ची विद्यार्थिनी, पुसद)

एक पंप पुरेसा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ११७ क्रमांकाची पद्धत, जी जगभर रसायनांच्या नोंदणीसाठी वापरतात, ती मुळात आयसोक्रॅटिकच आहे: मेथॅनॉल-पाण्याचं एकच मिश्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मेथॅनॉल तीन भाग आणि पाणी एक भाग या मिश्रणात लॉग पी ६ असलेला पदार्थही साधारण तासाभरात बाहेर येतो. पाण्याचं प्रमाण यापेक्षा कमी करायचं नाही. ही पद्धत शून्य ते ६ या टप्प्यासाठी आहे. बाटली हलवण्याची पद्धत, म्हणजे क्रमांक १०७, उणे २ ते ४ पर्यंत चालते. तुमचे रेणू उदासीन असतील आणि फार पाणीप्रिय नसतील, तर कॉलम तुमच्या बाजूने आहे. त्यात आणखी एक मोठा फायदा म्हणजे रेणू शंभर टक्के शुद्ध नसला तरी चालतं, कारण अशुद्धी वेगळ्या पीकमध्ये (कागदावरच्या वेगळ्या शिखरात) निघून जाते. बाटलीत तीच अशुद्धी सगळा हिशेब बिघडवते.

पहिलं काम रिकाम्या कॉलमची वेळ काढणं. युरॅसिल किंवा थायोयुरिया सोडा. हे दोघे कॉलममध्ये जवळपास थांबत नाहीत. अनेक प्रबंधांत मी पाहिलं आहे की सुरुवातीला दिसणारा सॉल्व्हंटचा (विरघळवणाऱ्या द्रवाचा) वेडावाकडा खड्डा हीच रिकाम्या कॉलमची वेळ धरलेली असते. असं करू नका. समजा खरी वेळ १.५ मिनिटं आहे आणि तुम्ही १.६ धरली. १५ मिनिटांना येणाऱ्या रेणूचा लॉग के त्यामुळे फक्त ०.०३ ने हलेल. पण १.८ मिनिटांना येणाऱ्याचा के ०.२ वरून ०.१२५ वर येईल, म्हणजे लॉगमध्ये ०.२ चा फरक. लवकर येणाऱ्या रेणूंच्या बाबतीत सहा सेकंदांची ही चूक आकड्याचा अर्थच बदलून टाकते.

मग संदर्भ रेणू. निदान सहा घ्या, आणि तुमच्या रेणूंच्या दोन्ही बाजूंना पसरलेले घ्या: बेंझाइल अल्कोहोल (१.१), फिनॉल (१.५), अॅसिटोफिनोन (१.६ ते १.७), टोल्युइन (२.७), बायफिनाइल (४.०), बायबेंझाइल (४.८). यातले बरेचसे तुमच्या रसायनांच्या कपाटात आधीच असतील. रेषेबाहेर जाऊन आकडा वाचायचा नाही. तुमचा रेणू बायबेंझाइलनंतर आला, तर त्याहून उशिरा येणारा संदर्भ शोधा.

याहून मला आवडणारा मार्ग म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या मिश्रणांत मोजून रेषा शुद्ध पाण्यापर्यंत मागे नेणं. समजा रिकाम्या कॉलमची वेळ १.५ मिनिटं आहे. ७० टक्के मेथॅनॉलला रेणू ३ मिनिटांना आला, तर के १, लॉग के शून्य. ६० टक्क्यांना ६ मिनिटांना आला, के ३, लॉग के ०.४८. ५० टक्क्यांना १५ मिनिटांना आला, के ९, लॉग के ०.९५. म्हणजे मेथॅनॉल दहा टक्क्यांनी कमी केलं की लॉग के सुमारे ०.४८ ने वाढतो. ७० पासून शून्य टक्क्यांपर्यंत अशा सात पायऱ्या, म्हणून शुद्ध पाण्यातला लॉग के साधारण ३.३. अनेक उदासीन रेणूंसाठी हा आकडा ऑक्टेनॉलच्या लॉग पीच्या बराच जवळ येतो. मात्र यासाठी मेथॅनॉलच वापरा. अॅसिटोनायट्राइलमध्ये ही रेषा वाकते, आणि वाकलेली रेषा सरळ समजून मागे ओढली की आकडा भरकटतो. अॅसिटोनायट्राइल महागही आहे, ते वेगळंच.

वरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. ७० टक्के मेथॅनॉलला रेणू साखळ्या आणि वाहतं मिश्रण या दोन्ही फेजमध्ये समसमान वाटला गेला. ही टक्केवारी स्वतःच हायड्रोफोबिसिटीचं माप होऊ शकते. याच कल्पनेवर रसायनशास्त्रज्ञ क्लारा वाल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये क्रोमॅटोग्राफिक हायड्रोफोबिसिटी इंडेक्स, सीएचआय, मांडला. त्यांनी अॅसिटोनायट्राइलचा झटपट ग्रेडियंट, म्हणजे सतत वाढत जाणारं प्रमाण, वापरला, त्यामुळे एक रेणू काही मिनिटांत मोजून होतो. औषध कंपन्यांत हजारो रेणू मोजायचे असतात, त्यांना हे फार सोयीचं पडलं. तुमच्या कॉलेजला पुढे दोन पंपांचं यंत्र मिळालं तर जरूर करून पाहा.

सॉफ्टवेअरबद्दल गाइडशी वाद घालायची गरज नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ओळखीच्या सांगाड्याच्या रेणूंत ते जुळतील. पण ज्यात रेणू आतल्या आत हायड्रोजन बंध करून स्वतःचे पाणीप्रिय गट झाकून घेतो, किंवा ज्याची रचना सॉफ्टवेअरने कधी पाहिलेलीच नाही, तिथे दोन सॉफ्टवेअरच आपापसांत एक-एक लॉग एककाने भांडतात. तुमचे रेणू नवीन आहेत असं तुम्ही लिहिता. मग त्यांच्या बाबतीत मोजलेल्या आकड्याला जास्त मान आहे. कॉलमच्या आकड्यापुढे अधिक-उणे ०.५ लिहायला लाजू नका, बाटलीच्या पद्धतीशी तुलना करता या पद्धतीची अचूकता तेवढीच धरली जाते.

मे महिन्यात तोच रेणू सकाळी ८.२ मिनिटांना येतो आणि दुपारी ७.४ ला. मोबाइल फेज तीच, कॉलम तोच. ओव्हन ४० अंशांवर लावलेला आहे, तरी असं का? (प्रयोगशाळा सहायक, मूर्तिजापूर तालुका)

तुमच्या भागात मे महिन्यात दुपारचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि ज्या खोलीत फक्त कूलर आहे ती सहज चाळिशी ओलांडते. साधा कॉलम ओव्हन फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४० अंशांच्या वर गेली असेल तर ४० अंशांवर लावलेला ओव्हन नुसता बंद पडून राहतो आणि कॉलम खोलीच्या तापमानाला जातो. पडद्यावर ४० ही सेटिंग दिसत राहते, म्हणून कोणाला शंका येत नाही. प्रत्यक्ष तापमान दाखवणारा दुसरा आकडा बघा.

एक अंश तापमान वाढलं की के साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटतो. तुमच्या कॉलमची रिकामी वेळ दीड मिनिट धरली तर तुमचा के ४.५ वरून ३.९ वर आला आहे, म्हणजे बारा टक्के घट. सात-आठ अंशांचा फरक त्याला पुरतो. पंपाची तपासणी करायच्या आधी कॉलमला थर्मामीटर लावा.

उपाय असा. कॉलम बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत बसत असेल तर ओव्हन खोलीच्या सर्वांत जास्त तापमानापेक्षा निदान पाच अंश वर लावा आणि वर्षभर तोच ठेवा. ते जमत नसेल तर कामं पहाटे उरका. संदर्भ रेणू मालिकेच्या आधी आणि शेवटी, दोन्ही वेळा सोडा. ते हलले नसतील तरच मधले आकडे ठेवा.

आणि वीज. लाइन गेली की पंप थांबतो आणि कॉलममध्ये फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण) तसाच बसतो. उन्हाळ्यात टोकांकडून मेथॅनॉल उडून जातं आणि मीठ तिथेच धरतं. लाइन परत आल्यावर आधी थोडं मेथॅनॉल मिसळलेलं पाणी बारीक फ्लोने सोडा, दाब नेहमीसारखा झाला की मगच काम सुरू करा. एकदम शुद्ध मेथॅनॉल सोडलंत तर उरलेल्या बफरचं मीठ आतच साकळेल.

क्लोरोक्विनवर काम करतो आहे. पुस्तकात लॉग पी ४.६ च्या आसपास आहे, पण माझ्याकडे ते इतकं लवकर येतं की हिशेबाने एकच्याही खाली जातं. पीकला लांब शेपूट आहे. कॉलम खराब झाला का? (अधिव्याख्याते, गडचिरोली जिल्हा)

कॉलमला दोष देऊ नका. क्लोरोक्विन हे आम्लारी आहे, त्याचे दोन नायट्रोजन प्रोटॉन घेतात, आणि त्यांचे पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ८ च्या थोडे वर आणि १० च्या वर आहेत. लॉग पी हा आकडा विनाभाराच्या रेणूचा. तुमची मोबाइल फेज पीएच ३ ची असणार, तिथे जवळजवळ प्रत्येक रेणूवर दोन धन भार आहेत. भारित रेणू पाण्यातच रमतो आणि साखळ्यांकडे फिरकत नाही. तुम्ही मोजताय ते लॉग डी, म्हणजे त्या पीएचला भारित आणि विनाभारित मिळून होणारी वाटणी. रक्ताच्या ७.४ पीएचला वरचे पीकेए धरून हिशेब केला तर क्लोरोक्विनचा लॉग डी साधारण एक येतो. ४.६ आणि १ यांत काही हजारपटींचा फरक आहे, आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत.

शेपटीचं कारण वेगळं. सिलिकाच्या पृष्ठभागावर सगळीकडे साखळ्या बसत नाहीत, काही सिलॅनॉल गट उघडे राहतात. भारित नायट्रोजन त्यांना चिकटतो आणि रखडत सुटतो. या चिकटण्याचा हायड्रोफोबिसिटीशी संबंध नाही, पण ते तुमच्या वेळेत मिसळतं, म्हणून आकडा दुहेरी बिघडतो. मोबाइल फेजमध्ये थोडं ट्रायएथिलअमाइन घातलं की सिलॅनॉल झाकले जातात आणि पीक सुधारतो. मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर मात्र ते घालू नका, ते यंत्रातून लवकर जात नाही.

विनाभाराचा आकडा हवा असेल तर पीएच पीकेएच्या दोन एकक वर न्यावा लागेल, म्हणजे १२ च्या पुढे. साधा सिलिका कॉलम ८ च्या वर विरघळू लागतो, म्हणून तुमच्या कॉलमवर हे करूच नका. उच्च पीएच सहन करणारे संकरित किंवा पॉलिमरचे कॉलम मिळतात. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात विचारा. आणि पीएच मोजताना बफर मेथॅनॉल मिसळण्याआधी मोजला की नंतर, हे लिहून ठेवा. मेथॅनॉल मिसळल्यावर बफरचा पीएच सरकतो आणि आम्लारीचा पीकेएही सरकतो, दोन्ही विरुद्ध दिशांना.

तुमच्या जिल्ह्यात मलेरियाचं औषध म्हणून क्लोरोक्विन वर्षानुवर्षं वापरात आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. ते शरीरात इतकं साठतं याचं कारण केवळ लॉग पीत सापडत नाही. विनाभाराचा रेणू पेशीतल्या आम्ल पिशव्यांत, लायसोसोममध्ये, शिरतो, तिथे प्रोटॉन घेतो आणि भारित झाल्यामुळे परत बाहेर पडू शकत नाही. हे समजण्यासाठी पीकेए आणि लॉग डी दोन्ही लागतात. विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आमचा बचत गट वायगावची हळद पिकवतो. कॉलेजच्या सरांनी तपासून दिली तर कागदावर तीन शिखरं आली. तीन कशी? आणि हळद तेलातून-दुधातून घेतली तरच लागू पडते हे खरं का? (बचत गटाच्या ताई, समुद्रपूर तालुका)

ताई, तीन शिखरं म्हणजे हळदीत भेसळ नाही, काळजी करू नका. हळदीचा पिवळा रंग तीन भावंडांमुळे येतो. कर्क्युमिनच्या दोन्ही टोकांना एकेक मेथॉक्सी गट असतो, दुसऱ्यात एकाच टोकाला, तिसऱ्यात एकही नाही. आम्ल मोबाइल फेजमध्ये सी-१८ वर दोन्ही गट नसलेला आधी येतो, मग एकवाला आणि शेवटी कर्क्युमिन. रेणूत एवढासा बदल झाला आणि कॉलमने तो वेगळा करून दाखवला. तुमच्या सरांकडून तो कागद पुन्हा एकदा समजून घ्या, त्यातलं शेवटचं मोठं शिखर कर्क्युमिनचं आहे.

कर्क्युमिनचा लॉग पी ३ च्या आसपास आहे, म्हणजे ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तेलात किंवा साय असलेल्या दुधात ते जास्त उतरतं, एवढं खरं. पण शरीराला कमी मिळण्याचं मोठं कारण पुढे आहे: आतड्याची भिंत आणि यकृत त्याला भराभर दुसऱ्या गटांशी जोडून बाहेर टाकतात. तेलाने विरघळण्याची अडचण कमी होते, ही दुसरी अडचण तशीच राहते. पाकिटावर "तेलातून घेतल्यास अमुक पट असर" असं काही लिहू नका. "शुद्ध वायगाव हळद" आणि तपासणीत आलेलं कर्क्युमिनचं प्रमाण, एवढं पुरेसं आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीला ते शोभतं.

सरांसाठी एक ओळ: ही तपासणी आम्ल मोबाइल फेजमध्येच ठेवा. पीएच ७ च्या वर कर्क्युमिन तुटू लागतं.

ताई, पऱ्हाटीवर फवारणी करताना औषध कातडीतून आत जाते म्हणतात. तुमच्या यंत्रावर पाहून सांगता येईल का की कोणतं औषध कमी धोक्याचं? (कास्तकार, घाटंजी तालुका)

भाऊ, हा प्रश्न २०१७ च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले तेव्हापासून माझ्याही मनात आहे. म्हणून सरळ सांगते: नाही, या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही, आणि कोणी ठरवून दिला तर विश्वास ठेवू नका.

मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज मिसळतं, त्याचा लॉग पी शून्याच्या थोडा खाली. क्लोरपायरिफॉस तेलकट, त्याचा आकडा ५ च्या जवळ. आकड्यांत एवढी तफावत, पण दोन्ही एकाच जातीची विषं आहेत आणि शरीरातल्या एकाच एन्झाइमला अडवतात. त्यातलं पाण्यात मिसळणारं मोनोक्रोटोफॉस तर जास्त जहाल आहे. कातडीचा वरचा थर मेदाचा असतो, त्यातून मध्यम तेलकट आणि लहान रेणू सर्वांत सहज जातात, इतकं आकडा सांगतो. पण किती औषध अंगावर पडलं, कपडे किती तास ओले राहिले, घाम किती होता, खरचटलेलं होतं का, यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. बाटलीतलं औषध पाण्यात कालवतानाचा क्षण सर्वांत वाईट, कारण तेव्हा ते घट्ट असतं आणि काही औषधांत ते कातडीतून ओढून नेणारा सॉल्व्हंटही असतो.

हातमोजे कालवताना घालाच. पाठीवरचा पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी करू नका. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने तेलकट औषध निघत नाही. तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छाती भरल्यासारखी वाटली, तर घरी लिंबूपाणी पाजत बसू नका. माणसाला आणि औषधाची बाटली दोघांना घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव डॉक्टरांच्या फार कामाचं असतं.

कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू असलेल्या एका बाईंचं अंग काळपट-तांबूस झालं. त्या औषध बंद करते म्हणतात. हे कशाने होतं? (आशा कार्यकर्ती, वरोरा तालुका)

पाकिटातलं क्लोफाझिमिन. हा रेणू स्वतःच लालसर आहे आणि त्याचा लॉग पी ७ च्या वर सांगतात. साध्या कॉलम पद्धतीच्या ६ च्या मर्यादेपलीकडचा हा रेणू आहे. तो चरबीत आणि कातडीत साठत जातो आणि शरीरातून निघायला महिनेच्या महिने घेतो. अंगाचा रंग हा त्या साठ्याचा रंग आहे. औषध पूर्ण झाल्यावर तो हळूहळू उतरतो. काहींना वर्षभर किंवा जास्तही लागतं, पण उतरतो.

ताई, तुम्ही त्यांच्या घरी जाता, म्हणून हे तुमच्याच तोंडून त्यांना कळलं पाहिजे: रंग म्हणजे आजार वाढला असं नाही, आणि कोर्स मध्येच सोडला तर आजार परत उलटू शकतो. जेवणानंतर घ्यायला सांगा, त्याने औषध नीट शोषलं जातं. कातडी कोरडी पडून खाज येत असेल तर तेल लावू द्या. पोट दुखत असेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. आनंदवन तुमच्याच तालुक्यात आहे, अशा रुग्णांना समजावणारी अनुभवी माणसं तुम्हाला जवळ मिळतील.

सिकलसेलसाठीचं हायड्रॉक्सीयुरिया सी-१८ वर मोजायचा प्रयत्न केला, ते थायोयुरियाबरोबरच बाहेर येतं. (बी.फार्म. प्रकल्प गट, चंद्रपूर जिल्हा)

येणारच. हा चार जड अणूंच्या पुढे जेमतेम गेलेला, पूर्ण पाणीप्रिय रेणू आहे, त्याचा लॉग पी शून्याच्या बराच खाली. रिकाम्या कॉलमच्या वेळेला येणाऱ्या पीकमधून के काढणं म्हणजे शून्याचा लॉग घेणं. शुद्ध पाणी मोबाइल फेज म्हणून सोडून त्याला अडवायचा मोह होईल, पण साध्या सी-१८ च्या साखळ्या शुद्ध पाण्यात छिद्रांमधून पाणी बाहेर ढकलतात आणि धारणा, म्हणजे रेणूचं कॉलममध्ये थांबणं, आणखी कमी होते. हिलिक कॉलमवर, म्हणजे पाणीप्रिय रेणूंना धरणाऱ्या कॉलमवर, रेणू थांबेल, पण तिथली धारणा पाणीप्रियतेची असते. ती उलटी करून लॉग पी म्हणून लिहू नका. बाटलीची पद्धत घ्या, ऑक्टेनॉल जास्त आणि पाणी कमी ठेवा, आणि दोन्ही थरांत मोजा. यूव्हीत हा रेणू फार कमी दिसतो, त्यामुळे मोजण्यासाठी रंग आणणारी अभिक्रिया लागेल. प्रकल्पाचा खरा भाग तोच होईल, आणि तो चांगला होईल.

वापरलेलं मेथॅनॉल बेसिनमध्ये ओततो. चालतं ना? (नाव-गाव न लिहिलेलं पत्र)

नाही. मेथॅनॉल विषारी आहे, आणि तालुक्याच्या गावात बेसिनची नळी बहुतेक वेळा शोषखड्ड्यात जाते, तिथून विहीर लांब नसते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर "मेथॅनॉल-पाणी, वापरलेलं" असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, उन्हात ठेवू नका, आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. कॉलेज लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एकत्र उचल करून घ्यावी. तो कॅन रात्री कुलपात ठेवा.